पटावरची कामिनी

वाडी नाक्यावर, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, दिवाळीपासून एक फ्लेक्स लागला आहे. दोन मजली उंच. त्याच्यावर माही बहीण निळा सूट घालून हसून राहिली, अन् खाली मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, 'नागपूरची आकाशकन्या डॉ. कामिनी चापले यांचे हार्दिक अभिनंदन'. त्याच्या खाली बारा पुढाऱ्यांचे फोटो, हात जोडलेले. बारापैकी एकानं तिले कधी डोळ्यानं पाहिलं असन तं मी नाव बदलून देते. मी रोज सकाळी खानावळीसाठी भाजी आणाले त्याच्याखालून जाते, अन् रोज माह्या तळपायाची आग मस्तकाले जाते.

काहून? तं ते नाव माहं आहे.

आता तुम्ही म्हणाल, बहिणीचं चांगलं झालं तं हिच्या पोटात दुखून राहिलं. म्हणा बाप्पा, तोंड तुमचं आहे. पण पुरतं ऐकून घ्या, अन् ऐकून झालं की विसरून जा. कोणाले चौकशी कराची हौस असन तं आधीच सांगते, गावाचं नाव मी सांगणार नाही, अन् इथं जी नावं घेईन तीही खरी नाहीत. आमच्या घरी नावं बदलाची सवयच आहे.

आमचं गाव पारशिवनीच्या पलीकडं, कालव्याच्या काठाले. बाबाचं, म्हणजे मनोहरराव चापल्यांचं, पाच एकर वावर. धान, मिरची, दोन बैल, एक म्हैस. उपाशी कोणी नव्हतं. हे मी मुद्दाम सांगून राहिली, कारण पोरीची शाळा सुटली म्हटलं की लोकाले गरिबीच आठवते. माही शाळा गरिबीनं नाही सुटली. मास्तरच्या अक्कलहुशारीनं सुटली.

मले सहा सरले तसं बाबानं शाळेत नेलं. कृष्णकांत गुरुजी होते हेडमास्तर. त्यांनी पटावर लिहिलं, कामिनी मनोहर चापले, जन्मतारीख एक जुलै. आमच्या गावची सारी पोरं एक जुलैले जन्मली, मास्तरच्या पेनातून दुसरी तारीख निघतच नव्हती. ते जाऊ द्या. मी शाळेत गेली अन् मले शाळा अशी आवडली का विचारू नका. बाकीची पोरं रडत. मी सुट्टीच्या दिवशीही पाटी घेऊन दारात उभी.

चार महिने. फक्त चार महिने. दिवाळीत माहा भाऊ अमोल झाला अन् मायनं अंथरूण धरलं. ताप उतरेना. मंग लेकराले कोणी पाहाचं, चूल कोणी पेटवाची? सहा वर्षाची पोट्टी होती ना घरात. "पंधरा दिवस घरी राहा," बाबा म्हणाले. मी राहिली.

तेवढ्यात मास्तर आले घरी. चहा पेले, मिशा पुसल्या अन् म्हणतात, "मनोहरराव, तपासणीले साहेब येऊन राहिले. पटावर एक पोर जरी कमी भरलं तं माहा दुसरा मास्तर काढून घेतीन. मोठी येत नसन तं लहानीले पाठवा. कामिनी म्हणून नाव पुकारलं की हजर म्हणाचं, येवढंच काम आहे."

लहानी म्हणजे मयुरा. माह्याहून दोन वर्षांनी लहान, चार वर्षाची, नाकाचा शेंबूड ओढता येत नव्हता तिले. बाबानं मान हलवली. आठ दिवसांचा तं प्रश्न होता.

अन् तिले शिकवलं कोणी? मीच! दुसरं कोण होतं? अमोलले कडेवर घेऊन मी अंगणाच्या या टोकाले उभी अन् मयुरा त्या टोकाले. मी ओरडाची, "कामिनी!" अन् ती आपली माह्याकडंच बोट दाखवाची. तिले वाटे, माहं नाव मी काहून पुकारून राहिली. मंग मी तिच्या पाठीत धपाटा घालाची. "तू हजर म्हण वं, हजर!" दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी "कामिनी" म्हटलं की ती टणकन उडी मारून "हजर" म्हणाले लागली. माही रिबीन, माहं दप्तर, माही पाटी घेऊन गेली. साहेब येऊन गेले, मास्तरचा मास्तर वाचला, अन् माय उठेना म्हणून पुढंही मयुराच माह्या नावानं शाळेत जात राहिली.

जूनमध्ये माय उठून बसली तसं मी म्हटलं, आता मले शाळेत जाचं आहे. बाबा मले घेऊन मास्तरकडं गेले. मास्तर म्हणाले, "कामिनी तं पास होऊन दुसरीत गेली. एका नावावर दोघी कशा बसतीन? ही मयुराच्या नावानं पहिलीत बसू दे." यात काय वाईट होतं? मी तयार होती. पण बाबाचं तोंड उतरलं. "मोठी पोरगी लहानीच्या मांगच्या वर्गात? गाव हसन ना मास्तर."

गाव हसू नये म्हणून मी शेण काढलं. लिहून ठेवा हे.

घरी ती मयुरा, दाराबाहेर कामिनी. पोट्टी हुशार निघाली, हे मी नाकारत नाही. मी कितीही तोंडाची फटकळ असली तरी खोटी नाही. चौथीत स्कॉलरशिप. पारशिवनीच्या हायस्कुलात पहिली. बारावीत तालुक्यात पहिली, तं गावातले लोक घरी पेढे खाले आले. अन् तेच गाव, मले शाळेत घातलं असतं तं हसणार होतं! मी चहा देत होती सगळ्यांले. रात्री ती मोठ्यानं वाचाची अन् मी भाकरी थापता थापता ऐकाची. वाचा-लिहाले मी तशीच शिकली, तिच्या उष्ट्यावर.

अठराव्या वर्षी माहं लग्न झालं. लग्नात ताटात तांदूळ पसरले अन् नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, शामला. सासरच्या बाया म्हणे, "जुनं नाव सुटलं म्हणून वाईट वाटते का वं?" मी हसली. माहं जुनं नाव बारा वर्षाआधीच सुटलं होतं, तेही तांदळाशिवाय. राशन कार्डावर कामिनीची जागा तिनं घेतली होती, मंग उरलेलं मयुरा हे नाव माह्या वाट्याले आलं होतं. आधार कार्ड निघालं तेव्हा मयुराची जन्मतारीख शामलाले चिकटली. म्हणजे कागदावर मी माह्या लहान बहिणीहून दोन वर्षांनी लहान आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात. माह्या तं हाती वाळा बी नाही अन् नाव बी नाही.

आमचे हे, जितेंद्र, वाडीच्या एका गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर लागले अन् आम्ही अमरावती रोडवर एक खोली केली. ट्रकवाल्यांचे जेवणाचे हाल पाहून मी खानावळ काढली. आज सत्तर ताटं निघतात दुपारची. तिकडं मयुरा प्रताप नगरात तिघीत एक खोली घेऊन सायन्स कॉलेजात शिकत होती. दर रविवारी माह्याकडं जेवाले. एमएस्सी झाली, डॉक्टर झाली. कशात, तं झाडाची मुळं. बी कसंही पडलं तरी मुळाले खाली कुठं आहे ते कसं समजते, अन् जिथं खाली-वर काही नाहीच, तिथं ते काय करन. दहा वर्ष तिनं यातच काढली. मंग दक्षिणेत मोठ्या प्रयोगशाळेत लागली, परदेशात जाऊन आली. अन् दोन वर्षाआधी ठरलं की अंतराळात निव्वळ विमानवाले नाही, शास्त्रज्ञबी पाठवाचे. हजारो अर्ज आले. गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं तिले, हवा कमी केलेल्या खोलीत ठेवलं, पंधरा दिवस कोंडून पाहिलं. शेवटी चौघं उरले. त्यात एक कामिनी चापले.

टीव्हीवर नाव आलं तेव्हा मी परातीत कणीक मळत होती. पीठभरल्या हातानं उठली अन् टीव्हीवरच्या तिच्या फोटोवरून बोटं फिरवून दृष्ट काढली. रडली बी. मी म्हटलं ना, खोटी नाही मी.

पण मंग सत्कार सुरू झाले. नागपुरात कोणाचं काही चांगलं झालं की शाली घेऊन लोक कुठून निघतात, देव जाणे. जानेवारीत प्रताप नगरातल्या महिला मंडळानं हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. मलेबी बोलावणं. मी नवी साडी नेसून दुसऱ्या रांगेत. अध्यक्ष यमुताई, त्यांच्या हाती माईक. "यांच्या धाकट्या भगिनी शामलाताई वाडीला खानावळ चालवतात, आज आपल्यात आहेत, या ना, या, वर या."

धाकट्या.

मी वर गेली. मयुराकडं पाहिलं. तिनं खाली मान घातली, मूग गिळून गप्प. यमुताईनं माह्या हातात ब्लाऊजपीस कोंबला अन् फोटोवाला म्हणतो, "ताईंच्या पाया पडा ना, छान फोटो येईल." यमुताई बी म्हणतात, "हो हो, पड बाई, अशी थोरली बहीण नशिबानं मिळते."

साऱ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मी वाकली. जिचा शेंबूड पुसला तिच्या पायाले हात लावला. तिनं पाय झटकन मांगं घेतले, तेवढ्यात फ्लॅश पडला. मी तो ब्लाऊजपीस तिथंच खुर्चीवर ठेवला अन् ऑटो करून घरी आली. घरी आल्यावर यांच्यावर दोन तास ओरडली, त्यांचा काही संबंध नसताना. ते बिचारे म्हणत होते, "मी काय केलं वं?" काही नाही केलं. पण कोणावर तरी ओरडाचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयुरा वाडीत आली. एकटी, तोंडाले रुमाल बांधून, स्कूटीवर कोणाच्या तरी. मी पोळ्या लाटत होती. पाटावर बसली माह्यासमोर, लहानपणी बसाची तशीच, गुडघे छातीशी घेऊन.

"बाई," म्हणाली. मोठ्या बहिणीले आम्ही बाईच म्हणतो. "मले काल रात्रभर झोप नाही लागली."

"मंग? अंगाई म्हणू का?"

"एक शेवटचा फॉर्म राहिला आहे. त्यात सारं लिहून द्यायचं असते. दुसरं कोणतं नाव होतं का, जन्मतारीख खरी आहे का. खाली सही. मी तीस वर्षं सही करत आली. या वेळी नाही करणार. मी खरं लिहून देणार आहे."

माहं लाटणं थांबलं. "काय लिहिणार?"

"की मी मयुरा आहे. कामिनी माही मोठी बहीण आहे. तिच्या नावावर मी शिकली."

"अन् मंग?"

"मंग काय. घेणार नाहीत. डिग्र्यांचंही काय होईन माहीत नाही. पण बाई, तू माह्या पाया पडली काल. साऱ्यांसमोर. अन् मी तोंड उघडलं नाही. मले तुहं नाव तुले परत द्याचं आहे."

परत द्याचं आहे! मी लाटणं असं आपटलं की पोळपाट परातीत जाऊन पडला. बाहेर ताटं मांडणारी बाई डोकावून गेली.

"परत? शेजारून वाटीभर साखर नेली होती का गं, की आणून देशीन? आण, दे! काय करू मी त्याचं? या नावानं मले कोण पहिलीत बसवन आता? चाळीस वर्षाची म्हातारी! मास्तर तरी जिता आहे का?"

"बाई, ऐक ना."

"तू ऐक! तीस वर्षं तोंड शिवून बसली होती, काल माह्या डोक्यावरचा पदर तुह्या पायाशी आला तेव्हा बाईसाहेबाले खरं बोलाचं आठवलं. तू खरं बोलून मोकळी होशीन. रात्री घोरत झोपशीन. अन् मी? मी घरी बसली, मी शेण काढलं, मी या भट्टीसमोर उभी जळली, ते मंग कायच्यासाठी? त्या मास्तरच्या पटासाठी? एक पोट्टी वर गेली म्हणून मी मनाले समजवत होती की चला, नाव तरी गेलं कुठंतरी. अन् आता तेही खाली पाडून राहिली! नाव बी नाही, तू बी नाही, काहीच नाही! खबरदार!"

ती रडाले लागली. घळाघळा, आवाज न करता. लहानपणीही अशीच रडाची, मार खाऊन.

"बाई, तो प्रश्न बी तुहाच होता. उलट्या पेरलेल्या हरभऱ्याचा. मी साऱ्या जगाले सांगत फिरते की लहानपणी प्रश्न पडला होता. मले नव्हता पडला."

मी तोंड फिरवलं अन् तव्याकडं पाहिलं. पोळी करपली होती. ती मी उचलून फेकली.

मंग ती उठली. डोळे पुसले. "चौकशीचे साहेब घरच्यांकडं येतात. तुह्याकडंही येतीन. तुले जे सांगाचं ते सांग, बाई. खरं सांगितलं तरी मले राग नाही. ते येऊन गेले की मी फॉर्म भरन. तू सांगशीन तेच लिहीन."

घ्या! म्हणजे पुन्हा सारं माह्याच डोक्यावर. सहा वर्षाची होती तेव्हाही माह्याच कडेवर दिलं, चाळिशीतही माह्याच. तिच्या मांगं मी दारापर्यंत बी नाही गेली. पण डबा दिला. उपाशी आली होती.

तीन आठवडे मी कोणाशी धड बोलली नाही. ट्रकवाले म्हणत, भाभी, भाजीत मिरची जास्त पडून राहिली आजकल. पडू दे. एक दिवस वाटे, सांगून टाकावं. त्या फ्लेक्सखाली उभं राहून ओरडावं की ही मी आहे, मी! कामिनी! सारी वाडी गोळा व्हावी. यमुताईनं माह्या पाया पडावं. अन् दुसऱ्या दिवशी वाटे, मंग पुढं काय? फ्लेक्सवर माहा फोटो लागणार आहे का, हातात उलथनं घेऊन?

साहेब मंगळवारी सकाळी अकराले आले. तरुण होता, चष्मा, हातात फाईल, पुण्याकडचं बोलणं. मी खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. त्यानं आधार कार्ड पाहिलं.

"शामला जितेंद्र... माहेरचं नाव मयुरा. बरोबर? आणि डॉ. कामिनी चापले या तुमच्या थोरल्या भगिनी."

बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचं टूंटूं वाजत होतं. तो थांबेपर्यंत मी साहेबांचा ग्लास पुन्हा भरला. साहेबांनी पेन उचलून माह्याकडं पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "मी लहानी."

संपलं. येवढंसं तं होतं. त्यानं खूण केली अन् पुढचं पान उलटलं. कुठं भांडण, कुठं कोर्टकचेरी, कोणाशी वैर. नाही, नाही, नाही. मंग फाईल मिटता मिटता तो म्हणाला, "लहानपणी कशा होत्या त्या? शाळेतलं काही आठवतं?"

तिथं मी उठून जायले पाहिजे होतं. कुकर होता गॅसवर. पण मी बसली.

"आठवते ना," मी म्हटलं. "कामिनी पहिल्या दिवशी रडली नाही. सारी पोरं रडत होती. बाबाचा हात तिनंच सोडला अन् जाऊन पुढच्या रांगेत बसली. अ ते अः तिले एका दिवसात आलं. मास्तरनं पाटी वर धरून साऱ्या वर्गाले दाखवली."

तो लिहाले लागला. मी थांबली नाही.

"एक दिवस मास्तर सांगत होते, बी पेरलं की कोंब वर येते. तं ही उभी राहिली. म्हणे, गुरुजी, बी पेरताना उलटं पडलं तं? मंग कोंब खाली काहून जात नाही? मास्तर म्हणाले, गप बस. तिनं पुन्हा विचारलं. मास्तरनं हातावर छडी मारली. घरी आली, अन् डालड्याच्या डब्यात माती भरून सात हरभरे लावले. काही सुलटे, काही उलटे. रोज एक उकरून पाहाची. लहान बहिणीले शेजारी बसवून दाखवाची, पाह्य, हा वळला. सातही वर आले."

साहेबांनी मान वर केली. "म्हणजे त्यांच्या संशोधनाचं मूळ तिथं आहे! पण तुम्ही तर तेव्हा चारेक वर्षांच्या असाल. इतकं बारीक आठवतं तुम्हाला?"

माह्या उजव्या तळहाताले ती छडी अजून आठवते, हे त्याले काय सांगू?

"आठवते," मी म्हटलं. "मी तिच्याजवळच राहात होती. साहेब, तिच्यासारखी पोट्टी त्या शाळेत ना आधी झाली, ना मांगून. कामिनी लय हुशार होती. लिहिलं का? वाचून दाखवा."

तो हसला, पण वाचलं. "'कामिनी लहानपणापासून अत्यंत हुशार व जिज्ञासू होती, असे भगिनींनी सांगितले.' ठीक आहे?"

"सही कुठं कराची?"

शामला म्हणून सही केली. तो गेला. कुकरचा भात खाली लागला होता, सत्तर माणसांचा. मी तिथंच ओट्याले टेकून रडली, शिव्या देत देत. मास्तरले, बाबाले, मयुराले, त्या बारा पुढाऱ्यांले. मंग दुसरा भात चढवला.

चारच्या सुमाराले तिचा फोन आला. आवाज बारीक. "आले होते का, बाई? काय सांगितलं तू?"

"खरं सांगितलं. जेवढं खरं होतं तेवढं सारं सांगितलं. तू फॉर्म भर, अन् सही कर."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "ऐकून राहिली का? कामिनी?"

ती म्हणाली, "हजर."

"अन् अक्षर नीट काढजो," मी म्हटलं. "माहं नाव आहे ते."